अर्धा हत्ती

परवा आमचे एक जुने स्नेही पुष्कळ दिवसांनी घरी आले. फाटक उघडून त्यांनी आत पाऊल टाकले आणि ते तिथेच थबकले. पारिजातकाच्या पलीकडे गवतात बसलेला एक प्रचंड दगड त्यांच्या दृष्टीस पडला होता.

"हेडमास्तर, हे काय आणून ठेवलेत?"

"हत्ती," आम्ही म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला. दगडाला एक प्रदक्षिणा घातली. पाठीची गोलाई त्यांना पटली, एका बाजूचा सुपासारखा कानही पटला. पण पुढे येताच ते पुन्हा थांबले. "आणि तोंड?"

"तोंड नाही."

चहा होईपर्यंत आम्ही त्यांना या हत्तीची हकीकत सांगू लागलो. चहा संपला, पण हकीकत संपली नाही, आणि त्यांना तर गाडी गाठायची होती. जे त्या दिवशी अर्धे राहिले ते येथे पुरे करीत आहोत. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा हत्ती असेल. निदान असा एखादा दगड तरी असेलच.

आमचे घराणे ग्वाल्हेरीत सहा पिढ्यांचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. त्या तळाचे शहर झाले आणि शहराचे नाव मात्र 'लष्कर' हेच राहिले. फौजेच्या मागोमाग कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य आले, गवई आले. आमचे मूळ पुरुष त्या कारकुनांपैकी एक. महाराज बाड्यापासून हाकेच्या अंतरावर आमचा वाडा होता. 'बाडा' हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांना खटकेल. परंतु इथल्या जिभेवर 'वाड्या'चा 'बाडा' होऊन इतकी वर्षे झाली आहेत की आता तोच आम्हाला आपला वाटतो.

या वाड्याच्या मागल्या चौकात हा दगड होता. आमचे पणजोबा माधवराव महाराजांच्या काळात दरबारच्या दप्तरात नोकरीस होते. मागल्या चौकात बाग करावी, बागेत कारंजे असावे आणि कारंज्याशेजारी एक बसलेला दगडी हत्ती असावा, अशी त्यांची हौस. पगार कारकुनाचा आणि हौस सरदाराची! कारंजे झाले नाही. बाग म्हणजे चार तगरी आणि एक प्राजक्त, एवढीच झाली. पण हत्तीचा दगड मात्र आला आणि तो घडवायला एक पाथरवट बसला. त्याने पाठ घडवली, पोट घडवले, डावा कान घडवला. मग एके दिवशी तो कामावर आलाच नाही. पुन्हा कधीच आला नाही.

पुढची गोष्ट आमच्या घरी चार पिढ्या सांगितली गेली. तो कारागीर इसाराचे पैसे घेऊन पळाला, अशी ती गोष्ट. घरात कोणी हाती घेतलेले काम टाकून उठला की आजी म्हणे, "हत्तीवाल्यासारखा पळू नकोस." बहिणीने विणायला घेतलेला स्वेटर अर्धा टाकला, आम्ही गणिताचा अभ्यास टाकला, की आमच्यासमोर तो हत्तीवाला उभा केला जाई. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. पळपुटा एवढीच त्याची ओळख होती.

पण हत्तीवर मात्र आम्हा मुलांचे प्रेम होते. दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, माहूत होत आणि आम्ही मागे अंबारीत. उन्हाळ्यात त्याच पाठीवर आई कुरडया आणि पापड वाळत घाली. तेवढे चार दिवस हत्तीवर बसण्यास मनाई असे.

पणजोबांच्या डोक्यात हत्तीच का आला असावा, हा प्रश्न आम्हाला मोठेपणी पडला. त्याचे उत्तर किल्ल्यावर आहे असे आम्हाला वाटते. मानसिंह तोमरांच्या महालालगतचा दरवाजा 'हाथी पोल' या नावाने ओळखला जातो. तेथे एके काळी माहुतांसह एक भव्य दगडी हत्ती उभा होता. १५२८ साली बाबर ग्वाल्हेर पाहण्यास आला, तेव्हा त्याने तो पाहून आपल्या आठवणींत त्याचे वर्णन करून ठेवले आहे. आज तो हत्ती तेथे नाही; दरवाजाच्या नावात तेवढा उरला आहे. पणजोबांना तो आपल्या चौकात पुन्हा आणावासा वाटला असेल, तर त्यांना हसण्याचे कारण नाही.

शाळेतील मुलांना घेऊन आम्ही दरवर्षी किल्ल्यावर जातो. उरवाई दरवाजाच्या वाटेवर, पंधराव्या शतकात डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळी कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. त्यांतील सर्वांत उंच मूर्ती सत्तावन-अठ्ठावन फुटांची. यांची मुखे बाबराच्याच हुकुमाने फोडली गेली. तेथे पोहोचल्यावर दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, "सर, एवढा मोठा दगड इथे आणला कसा?" आम्ही दरवर्षी तेच उत्तर देतो: "बाळ, दगड आणला नाही. मूर्तिकार दगडाकडे गेला." किल्ल्याच्या चढणीवरील चतुर्भुज मंदिरही असेच एकसंध खडकातून कोरलेले आहे. तेथील ८७६ सालचा शिलालेख शून्याच्या अंकासाठी जगभर प्रसिद्ध आहे. पण ते शून्य कशासाठी लिहिले गेले, हे मुलांना सांगताना आम्हाला नेहमी मौज वाटते. ते एका फुलबागेच्या मापात आहे! देवासाठी दिलेली बाग २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. तीतून रोज ५० माळा देवाला जाव्यात, असा तो मजकूर. खडक आणि बाग यांचे नाते आमच्या गावात इतके जुने आहे.

असो. २०२२ साली वाडा विकला गेला.

या एका वाक्यामागे दीड वर्षाचे भांडण आहे. दादा पुण्यास असतात. विकायचे हे त्यांनी ठरवले, आणि ठरवले म्हणजे ठरवलेच. आम्ही म्हणालो, डागडुजी करू. ते म्हणाले, नको. आम्ही म्हणालो, अण्णा आहेत तोवर तरी थांबू. ते म्हणाले, थांबायचे नाही. कारण विचारले तर गप्प. तेव्हा आम्ही जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. "तुला हिस्सा हवा आहे, दादा, वाडा नको आहे," हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य. सह्या झाल्या आणि दोघांमधील बोलणे बंद झाले. अण्णांना घेऊन आम्ही थाटीपूरकडच्या आमच्या लहानशा घरी राहावयास आलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा आले ते जवळजवळ मुकेच आले. जेवत, औषध घेत, भिंतीकडे पाहत बसत.

पाडकाम सुरू झाल्यावर ठेकेदाराचा निरोप आला की मागचा दगड न्यायचा असेल तर आठ दिवसांत न्या, नाहीतर यंत्राने फोडून भरावात घालू. जेवताना आम्ही हे सौभाग्यवतींना सांगत होतो. तेव्हा अण्णांनी पानावरून मान वर केली आणि कित्येक दिवसांनी एक पूर्ण वाक्य उच्चारले: "हत्ती इकडे आणा."

आणा म्हणणे सोपे. दगड पाच फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच. आमच्याकडच्या वालुकाश्माचे एक घनफूट साधारण ६५ किलो भरते. म्हणजे साठ घनफुटांचे जवळजवळ चार टन झाले. घडाई आणि गोलाई वजा केली तरी तीन टनांच्या खाली काही येईना. गल्लीत क्रेन शिरेना. शेवटी रात्री अकरानंतर, रहदारी थांबल्यावर, आठ माणसांनी पहारी लावून आणि खाली लाकडी ओंडके सरकवीत त्याला हमरस्त्यापर्यंत आणले. ऐंशी पावलांना तीन तास लागले. क्रेनचे पट्टे अंगावर घासू नयेत म्हणून सौभाग्यवतींनी घरातली जुनी गोधडी दिली होती. ती पांघरलेला हत्ती ट्रकवर चढला, तेव्हा गल्लीतली सगळी झोपमोड झालेली मंडळी ओट्यांवर येऊन उभी होती.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट घडली. ओंडके पुरेनात म्हणून मजुरांनी पाडलेल्या माजघरातील एक तुळई ओढून आणली. पहारीचा टोला बसताच ती पिठासारखी फुटली. वरून काळी कुळकुळीत तुळई, आतून वाळवीने पूर्ण पोखरलेली. मुकादम सहज म्हणाला, "तुमच्या मोठ्या भावांनी मागच्या वर्षी मिस्त्री आणून ही ठोकून पाहिली होती की! तेव्हाच सांगितले होते त्यांना, याखाली कोणाला झोपू देऊ नका."

त्या तुळईखाली अण्णांचा पलंग असे.

दादा आम्हाला का बोलले नाहीत, हे आम्हाला तेथे, त्या रात्री, ओंडक्यांच्या मध्ये उभे असताना समजले. बोलले असते तर आम्ही ते अण्णांना सांगितले असते. आणि ज्या घरात आपण जन्मलो, लग्न केले, मुले वाढवली, ते घर आतून पोकळ झाले आहे, हे अण्णांना ऐकावे लागले असते. दादांनी त्यापेक्षा लोभी ठरणे पत्करले. तरीही आम्ही त्यांना फोन केला नाही. मुख्याध्यापकाला इतरांच्या चुका दाखविण्याची सवय असते. स्वतःची चूक दाखवावयाची म्हणजे जीभ जड होते.

हत्ती अंगणात आला आणि सल्ले सुरू झाले. चिरंजीव बंगळूरला असतात. त्यांचे मत, चौथरा बांधावा, खालून दिवे सोडावेत, सोंडेतून पाणी पडावे. त्यासाठी आधी सोंड हवी! शेजाऱ्यांचे मत, उरलेला भाग घडवून घ्यावा, म्हणजे दगडाचे सोने होईल. हे आम्हालाही पटले. ज्या गावात महंमद घौस यांच्या कबरीच्या दगडी जाळ्या आहेत, त्या गावात पाथरवटांची परंपरा अजून जिवंत आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे आजोबा हेच काम करीत आलेले. विद्यार्थी त्यांना स्कूटरवर बसवून घेऊन आला. हाती एक लहान हातोडी, बाकी काही नाही.

म्हाताऱ्याने आधी दगडाचे थर पाहिले. वालुकाश्म हा थरांचा दगड. खाणीत तो जसा आडवा असतो तसाच आडवा ठेवला तर शतके टिकतो. थर उभे करून लावला तर पाणी आत शिरते आणि पापुद्रे सुटू लागतात. "ज्याने हा बसवला त्याला काम कळत होते," तो म्हणाला. मग त्याने हातोडीने पाठीवर टिचकी मारली. स्वच्छ, घंटेसारखा आवाज आला. पोटावर मारली, तोच आवाज. कानापर्यंत तोच. कानाच्या पुढे सरकला आणि आवाज बदलला. फुटक्या माठावर बोट वाजवावे तसा झाला. त्याने तेथे थोडे पाणी शिंपडले आणि थांबला. दगड वाळू लागला, तशी कानामागून कपाळाकडे जाणारी एक ओली काळी रेघ मागे राहिली.

"मास्टरसाहब, इसमें बाल है."

बाल म्हणजे केसाएवढी भेग. त्याने ती बोटाने दाखविली. मग म्हणाला, हा कारागीर कानापर्यंत आला आणि त्याला ही दिसली. पुढे छिन्नी चालवली असती तर सगळे डोके उतरून पडले असते. त्याने हात थांबवला, म्हणून एवढा हत्ती तुमच्याकडे राहिला आहे. यापुढे मीही हात लावणार नाही.

अण्णा ओसरीवर खुर्चीत होते. आम्हाला वाटले, त्यांचे लक्ष नाही. परंतु म्हातारा गेल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बोलावले.

"म्हणजे तो पळाला नव्हता."

"नाही, अण्णा."

"इसार?"

"इसाराचे काम तर त्याने केलेच होते. पाठ आहे, कान आहे."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार पिढ्या आपण त्या माणसाला चोर म्हटले. त्याचे नाव तरी विचारून ठेवायचे."

त्या रात्री आम्ही दादांना फोन केला. तुळई पाहिली, एवढेच सांगितले. पलीकडे शांतता होती. मग दादा म्हणाले, "अण्णांना कळले नाही ना?" आम्ही म्हणालो, "नाही." क्षमा मागण्याचे शब्द जमवून ठेवले होते, ते तसेच राहिले. दादांनी हत्तीचे काय केले ते विचारले आणि दोन भाऊ अर्धा तास दगडावर बोलत राहिले.

हत्ती पुरा करायचा नाही हे ठरल्यावर, तो बसवायचा कसा, एवढाच प्रश्न उरला. आणि खरे काम तेच होते. किल्ल्यावर मूर्तिकार दगडाकडे गेला होता. आमच्याकडे दगड आला होता, तेव्हा जमिनीने त्याला घ्यावयास हवे होते. चिरंजीवांचा चौथरा आम्ही नाकारला. अलिबागजवळच्या सासवणे गावी शिल्पकार विनायकराव करमरकरांचे घर आम्ही पाहिले आहे. पुण्यातील १९२८ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविणारे ते हेच. त्यांच्या घराच्या आवारात त्यांनीच घडविलेली एक म्हैस बसलेली आहे. रवंथ करीत नुकतीच टेकली असावी अशी. आपल्या घरी शिल्प असावे तर असे, हे तेव्हाच मनात ठसले होते. जपानमध्ये अकराव्या शतकात लिहिलेल्या 'साकुतेइकी' या उद्यानरचनेच्या ग्रंथातही, निसर्गात जो दगड आडवा पडलेला होता त्याला बागेत उभा करू नये, असा दंडक आहे. आमचा म्हातारा पाथरवट थर पाहून जे म्हणाला, त्याच्या जवळचेच हे नव्हे काय?

कोणास आपल्या बागेत मोठा दगड बसवावयाचा असेल, तर आम्हाला जे कळले ते थोडक्यात सांगतो. खड्डा दगडापेक्षा हातभर रुंद घ्यावा. तळाशी खडी, वर मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून धुमसून काढावा. ओल्या मातीवर टेकवलेला जड दगड पहिल्या पावसात कलतो. उंचीचा चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत जाऊ द्यावा. आमच्या हत्तीचे पाय घडलेच नव्हते. खालचा सव्वा फूट अनघड होता. तो जमिनीत गेला आणि हत्ती आपोआप बसला. पाणी दगडाकडे न येता दगडापासून दूर वाहील असा उतार द्यावा. भोवती सिमेंट घालू नये. त्यातील क्षार वालुकाश्मात शिरतात आणि पृष्ठभाग खपल्या धरून सुटतो. तैलरंग तर मुळीच नको. आणि अंगाशी नाजूक झाडे लावू नयेत. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत झळ सोडतो. आमची मोगऱ्याची दोन रोपे अशीच करपली. आता तेथे गवत आणि कोरफड आहे. प्राजक्त चार हात दूर आहे.

उन्हाळ्यात जी झळ, तीच हिवाळ्यात ऊब. ग्वाल्हेरचे धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना पौषातल्या उन्हाचे मोल ठाऊक आहे. धुके विरून ऊन पडले की हत्तीची दक्षिणेकडची बाजू तापू लागते. दोन वाजेपर्यंत ती तव्याइतकी नव्हे, पण नुकत्याच रिकाम्या केलेल्या कपाइतकी गरम होते आणि दिवेलागणीपर्यंत तशीच राहते. अण्णांची खुर्ची आम्ही तेथे ठेवू लागलो. पहिले दोन दिवस ते नुसते बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाठ टेकली.

२०२४ च्या जानेवारीत दादा आले. सामान ओसरीवर ठेवून ते सरळ हत्तीकडे गेले. साठी ओलांडलेला माणूस. गुडघे कुरकुरत होते. तरी त्यांनी कानाचा आधार घेतला आणि एक पाय टाकून ते वर चढून बसले, माहुताच्या जागी. अण्णा खाली खुर्चीत होते. त्यांनी वर पाहिले.

"पडशील, उतर," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्याला काही नाव द्यायला हवे होते."

"हत्तीला?" दादांनी विचारले.

"हत्तीला कशाला? त्या कारागिराला."

नाव काही मिळाले नाही; ते मिळण्यासारखे आता कोणी उरलेले नाही. पण आमच्या घरात तेव्हापासून एक म्हण बदलली आहे. नातवंडांपैकी कोणी अवघड काम करता करता थांबले, की अण्णा आधी विचारतात, "का थांबलास? बाल दिसला का?"

सौभाग्यवतींनी यंदा चैत्रात हत्तीच्या पाठीवर कुरडया घातल्या. चार दिवस कोणालाही वर बसू दिले नाही.